कंसातलं वर्ष

ग्रंथालयात सगळे तिला बारकाई म्हणत. पुस्तकांच्या नोंदी ती इतक्या बारकाईने करी की कोणीतरी गमतीने 'बारकाई' हेच तिचं नाव करून टाकलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता तर नवीन वाचकसुद्धा खिडकीशी येऊन विचारायचे, "बारकाई आहेत का?"

त्या वर्षी जुन्या कार्डांवरच्या नोंदी संगणकावर चढवायचं काम चालू होतं. बारकाईचा सगळ्यात जास्त वेळ जायचा तो वर्षांवर. ऐकणाऱ्याला वाटतं, वर्ष म्हणजे चार आकडे, त्यात काय एवढं? पण एका पुस्तकात वर्षं दोन-तीन असू शकतात. एक नावाच्या पानावर, एक त्याच्या मागच्या पानावर 'सर्व हक्क सुरक्षित'च्या शेजारी, आणि कधी एक पार शेवटी, छापखान्याच्या नावाखाली. त्यांचं आपसात पटतंच असं नाही. म्हणून हक्काचं वर्ष वेगळं लिहायचं, छपाईचं वेगळं. आणि खात्री नसेल तर वर्ष चौकटी कंसात घालून पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं. पुढच्या माणसाला त्यावरून कळतं की हा आपला अंदाज आहे, पुस्तकाने दिलेला शब्द नव्हे.

एका ढगाळ दुपारी ग्रंथपालांनी तिला बोलावलं. गावातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेचा हीरक महोत्सव होता. शाळेच्या संस्थापकांनी, ज्यांना सगळे अजून 'मोठे सर' म्हणत, हातांच्या खुणांच्या भाषेवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. त्या विषयावरचं पहिलंच, असं म्हणत. ते महोत्सवात पुन्हा छापायचं होतं.

"पहिलं पुस्तक म्हणून मोठ्या अक्षरात छापणार आहेत," ग्रंथपाल म्हणाले. "वर्ष आपल्या नोंदीवरून लिहून द्या म्हणतात. १९२६ आहे ना? तरी एकदा बघून घ्या. पाच मिनिटांचं काम."

पुस्तक तळघरात होतं. तिथली पानं इतकी जीर्ण की ती वर आणायची नाहीत, तिथेच बघायची असा नियम होता. जिन्यापाशी बाइंडरकाका खळ ढवळत बसले होते. ग्रंथालयातले सगळ्यात जुने.

"कुठल्या कपाटात?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या. मोठ्या सरांचं पुस्तक."

काकांचा हात थांबला. "लवकर ये वर," एवढंच म्हणाले.

तळघराला खिडकी नव्हती. एक दिवा जिन्याजवळ, एक शेवटच्या कपाटावर, मध्ये नुसता काळोख. जुन्या कागदाचा आंबूस वास तिच्या ओळखीचा होता, पण त्या कपाटापाशी आणखी एक वास होता. तपकिरीचा, आणि ओल्या लोकरीच्या कोटाचा. असेल ओल, असं म्हणत तिने पुस्तक काढलं. नावाच्या पानावर वर्ष नव्हतं. मागच्या पानावर होतं: सर्व हक्क सुरक्षित, १९२६. सवयीने तिने आकड्यांवरून बोट फिरवलं, आणि बोटाला कड लागली.

वर्ष कागदावर छापलेलं नव्हतं. त्या चार आकड्यांची इवलीशी चिठ्ठी तिथे डकवलेली होती.

शेजारीच एक पातळ पुस्तिका होती. त्याच खुणा, तीच चित्रं. नावाच्या पानावर लेखिका 'एक शिक्षिका' आणि वर्ष १९३२. सोबत आणलेल्या जुन्या कार्डावर तिच्यापुढे कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'वरील ग्रंथाची नक्कल'. बारकाईने कपाळाला आठी घातली. वर जाऊन तिने मोठ्या पुस्तकाच्या नोंदीत १९२६ चौकटी कंसात घातलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि कार्डावरही पेनाने तेच केलं.

सकाळी येऊन बघते तो कंस नाही, प्रश्नचिन्ह नाही. संगणकावर नुसतं १९२६. कुणी हात लावला असेल म्हणून तिने कार्ड काढलं. कार्डावरची शाईही गेली होती. खोडलेली नव्हती, खरवडलेली नव्हती. तिथे कधी काही लिहिलंच नव्हतं असा कोरा, गुळगुळीत कागद.

तिने पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"वीज जाते-येते, त्याने होत असेल," ग्रंथपाल म्हणाले.

"विजेने शाई पुसते का, सर?"

तिने दुपारी पुन्हा तळघर गाठलं. चिठ्ठीची कड नखाने उचलून बघावी म्हणून ती वाकली, आणि मागच्या अंधारातून आवाज आला.

ठक्.

तिने मान वळवली. कोणी नाही.

ठक्... ठक्... म्हाताऱ्या माणसाने फरशीवर काठी टेकत यावं तसा. सावकाश, पण थेट तिच्याच दिशेने. तपकिरीचा वास दाटला. डोक्यावरचा दिवा लुकलुकला. काठी शेजारच्या कपाटाच्या पलीकडे येऊन थांबली, आणि तिला कुणाचा तरी घरघरता श्वास ऐकू आला...

पुस्तक तिथेच टाकून ती पळाली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर काकांनी तिला धरलं.

"काठी?" काकांनी हळूच विचारलं.

तिने मान डोलावली.

"माझ्याही वेळी वाजली होती. ते पान मला नीट चिकटवायचं होतं. मी सोडून दिलं ते." काका जिन्याखालच्या काळोखाकडे बघत राहिले. "शाळेतच गेले मोठे सर. शेवटपर्यंत हातात काठी होती म्हणतात."

बारकाई घरी आली ती पांढरी फटक होऊन. घरी आत्या होती. आई गेल्यावर याच आत्याने तिला वाढवलं होतं. आत्या जन्मापासून बहिरी, त्यामुळे या घरात बोलायच्या आधी हात हलवायला शिकावं लागे. आत्या स्वभावाने मुलखाची धीट. पोरीचा चेहरा बघताच तिने हातातली सुरी खाली ठेवली.

"काय झालं?" तिच्या हातांनी विचारलं.

बारकाईने सगळं सांगितलं. मोठ्या सरांचं नाव आलं तशी आत्या ताठ बसली. पातळ पुस्तिका म्हटल्यावर ती चटकन पुढे सरकली.

"त्या चित्रांत करंगळी कशी आहे?"

बारकाईला आठवलं. सगळ्या चित्रांत डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. तिला वाटलं होतं, चित्रकार कच्चा असेल.

आत्याने डाव्या हाताची करंगळी दुमडून धरली. "हे बाईंचं नाव. त्यांची करंगळी अर्धीच होती. आमच्या शाळेत सगळ्यांना खुणेचं नाव असायचं. या करंगळीबाईंनी मला बोलायला शिकवलं. त्याही आमच्यासारख्याच, ऐकू न येणाऱ्या. सगळ्या खुणा त्यांनी गोळा केल्या होत्या, घरोघर जाऊन. मग एक दिवस मोठे सर वर्गात आले, त्यांच्या हातात ते जाड पुस्तक. काठीने त्यांनी बाईंना दार दाखवलं. आम्हाला नंतर सांगितलं, ही चोर आहे, हिने माझ्या पुस्तकाची नक्कल केली." आत्याने खिडकीकडे बोट केलं. "बाई फाटकापाशी उभ्या राहून खुणा करत होत्या. आम्ही खिडकीतून बघू नये म्हणून पडदे ओढले."

"पुढे कुठे गेल्या त्या?"

"कोणाला ठाऊक! पण खोट्याच्या कपाळी गोटा असतो म्हणतात. इतकी वर्षं मी त्या गोट्याची वाट बघतेय." आत्या उठली. "उद्या मी येते."

"आत्या, तिथे काठी वाजते. भीतीने जीव जाईल."

आत्या हसली, खांदे उडवून हसली. "वाजू दे की. मला कुठे ऐकू येतेय?"

ग्रंथपालांची परवानगी मिळवणं सोपं गेलं नाही. "पानाला इजा झाली तर?" ते म्हणाले.

"इजा आधीच झालीय, सर. ती बरी करायला चाललोय."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बाइंडरकाका सांगतील तसं करा. अन् जे निघेल ते मला दाखवा. काहीही निघालं तरी."

काकांनी कोमट पाण्याची वाटी, कापूस आणि पातळ पट्टी दिली. कापूस पिळून ओलसर ठेवायचा, चिठ्ठीवर टेकवायचा, घाई करायची नाही. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," ते म्हणाले. खाली मात्र आले नाहीत. जिन्याच्या तोंडाशी बसून राहिले.

आत्याने शेवटच्या कपाटापुढे स्टूल ओढलं, पुस्तक मांडीवर उघडलं आणि कापूस टेकवला. तिच्या हाताला कधी कंप सुटला नव्हता, आताही नव्हता. बारकाई टॉर्च घेऊन शेजारी उभी.

ठक्.

बारकाईने झटकन मागे टॉर्च फिरवली. आत्याने वरही पाहिलं नाही.

ठक्... ठक्... यावेळी आवाज चालण्याचा नव्हता, आपटण्याचा होता. कपाटांच्या पत्र्यावर, फरशीवर, भिंतीवर. दोन फळ्यांवरची पुस्तकं धाडधाड खाली कोसळली. आत्याने पायावर पडलेलं एक बाजूला सारलं आणि पुन्हा कापूस धरला, जणू एखादं मांजर पायांत घोटाळावं.

मग दिवा गेला. टॉर्चही गेली.

त्या काळोखात बारकाईला पहिल्यांदा खरी भीती वाटली, कारण आता आत्याचे हात दिसत नव्हते. आत्या तिच्याशी बोलू शकत नव्हती. पाठीमागे तो घरघरता श्वास आला. मानेला ओल्या लोकरीचा गार स्पर्श झाला. तिच्या कानाशी, अगदी कानाशी, एक खोल आवाज पुटपुटला, "राहू दे... आहे तसं... राहू दे..."

पाय पळायला निघाले होते. तेवढ्यात अंधारात तिचा तळवा कोणीतरी पकडला. आत्याचा हात होता तो. तिने बोटाने बारकाईच्या तळव्यावर हळूहळू अक्षरं काढली: सु ट ते य.

भीती होती तिथेच राहिली, पण तिच्या खांद्यावर पाय देऊन राग वर आला. ती वळली आणि त्या काळोखाच्या तोंडावर ओरडली, "नाही राहू देणार! वर्ष खोटं आहे, सर! तुम्ही चिकटवलंत, आम्ही काढतोय! हजारदा प्रश्नचिन्ह पुसलंत ना? आता प्रश्नच उरणार नाही!"

काठी एकदाच आपटली. आधी कधी वाजली नव्हती इतक्या जोरात. आणि लाकूड मधोमध मोडावं तसा कडाड आवाज झाला.

दिवा आला.

आत्याच्या बोटाच्या टोकावर चिठ्ठी चिकटलेली होती. खालच्या पानावर स्वच्छ, काळे, मूळ छापलेले आकडे होते: १९३६. पुस्तिकेनंतर चार वर्षांनी. नक्कल कोणी कोणाची केली, ते आता सांगायची गरजच नव्हती.

आत्याने आकड्यांवर हात ठेवला. मग डाव्या हाताची करंगळी दुमडून तो हात छातीशी धरला आणि ती रडली, आवाज न करता, हसत हसत.

ग्रंथपालांनी पान पाहिलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "नोंद करा," म्हणाले. "कंसाशिवाय."

बारकाईने मोठ्या पुस्तकाचं वर्ष १९३६ लिहिलं आणि टीप जोडली की आधीचं वर्ष डकवलेलं होतं. पुस्तिकेच्या कार्डावरचा 'नक्कल' हा शब्द तिने आडव्या रेघेने खोडला. सकाळी नोंद जागेवर होती. दुसऱ्या दिवशीही होती.

शाळेने आधी कुरकुर केली, मग ते पान येऊन पाहिलं, आणि गप्प होऊन पुस्तिका छापायला घेतली. लेखिकेचं नाव कुणालाच सापडलं नाही. तेव्हा आत्या म्हणाली, नाव मला माहीत आहे. मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावाच्या जागी एका हाताचं चित्र छापलं, करंगळी दुमडलेली.

महोत्सवाला सभागृह गच्च भरलं. करंगळीबाईंच्या हाताखाली शिकलेली म्हातारी माणसं आली होती, त्यांची मुलं-नातवंडं आली होती. आत्याने व्यासपीठावर पुस्तिका उंच धरली आणि खुणेने सांगितलं, "ही चोर नव्हती. ही पहिली होती." आणि सगळ्या सभागृहाने हात वर करून हलवले. बहिऱ्यांच्या टाळ्या अशाच असतात. शेकडो हात, डोक्यांवर, वाऱ्यात पानं सळसळावीत तसे, आणि एवढुसाही आवाज नाही. बारकाईला वाटलं, इतका मोठा जयजयकार आपण जन्मात ऐकला नाही.

त्या निःशब्द शांततेतच मागे एक खुर्ची करकरली. मग तपकिरीचा वास, आणि जड पावलं, संथ, दाराच्या दिशेने. काठीचा आवाज मात्र नव्हता.

सभागृहात कोणी वळलं नाही. बहुतेकांना ऐकू येणार नव्हतं, आणि ज्यांना येत होतं तेही हात हलवण्यात गुंग होते. बारकाईने मान वळवली. मागची रांग भरलेली होती, एकही खुर्ची रिकामी नव्हती, कोणी उठलेलंही नव्हतं. तिने घाईने व्यासपीठाकडे पाहिलं.

आत्याचे हात खाली आले होते. जन्मापासून बहिरी आत्या, मान किंचित कलती करून, त्या पावलांचा माग घेत होती. दारापर्यंत. मग तिची नजर बारकाईकडे वळली आणि तिने एकच खूण केली.

"दार लावून घे."

दार बंदच होतं.