आड येणारी झाडं

खोटं वाटेल, पण हे माझ्या मामाच्या बाबतीत घडलंय. थाप मारायला लागतं तेवढं डोकंच त्याला नाही, असं मामी म्हणते.

डोंगरावर एक पॉइंट आहे. कठड्याशी उभं राहिलं की समोर खोल दरी. पण झाडं अशी माजली होती की लोकांना नुसता पालाच दिसायचा. ती तोडायचं काम मामा आणि त्याच्या साडूकडे आलं.

मामा कमरेला दोर बांधून उतारावर उतरायचा. कुठलं झाड आड येतंय, ते साडू कठड्यावरून सांगायचा. खालच्या माणसाला ते कळत नाही.

त्या दुपारी अचानक धुकं दाटलं.

"अजून दिसत नाही... डावीकडचं घ्या," साडूचा आवाज आला.

मामानं तोडलं.

"अजून नाही... शेजारचं."

तेही तोडलं. पाखरं कधी गप्प झाली, कळलंच नाही...

"आता तुमच्या मागचं."

मामानं चाचपडत मागचा बुंधा धरला, कोयता उगारला. आणि बोटांना दोराची गाठ लागली...

त्याचाच दोर. सकाळी साडूनंच या झाडाला आवळून बांधलेला.

मामानं कोयता खाली घेतला.

"अहो साडूभाऊ, जीव घेताय की काय माझा?"

उत्तर लांबून, रस्त्याच्या बाजूनं आलं. "काय झालं? मी गाडीत पाणी प्यायला आलोय! आलोच!"

आणि लगेच... पायाखालच्या धुक्यातून, तोच आवाज.

"तोडा ना... मला अजून दिसत नाही."

मामा कमरेचा दोर सोडून, झुडपं धरत कसाबसा वर आला. साडू कठड्याशी पोचला होता. त्याचे ओठ मिटलेले होते, चेहरा पांढराफटक. खालून त्याच्याच आवाजात हाका चालूच होत्या. दोघांनी हत्यारं तिथेच टाकून गाडी पळवली.

साडूनं ते काम सोडलं. मामा मात्र त्याच्याशी साध्या फोनवर बोलतच नाही. आधी व्हिडिओ लावायला सांगतो.

परवा त्याचा फोन आला. पडद्यावर साडूच होता. पण चेहरा हलत नव्हता... आणि आवाज येत होता.

"साडूभाऊ, घरातच आहात ना? जरा बाहेर या..."

"नेटवर्क अडकलं असेल," मामी म्हणाली.

मामानं फोन बंद केला आणि दाराला कडी घातली. खरा साडू असला तर बिचारा रागावला असेल. पण मामा अजून परत फोन लावायला धजत नाही.