जमिनीवरची आगबोट

घंटा मी वाजवली. मुद्दाम नव्हे… आणि खरं सांगायचं तर चुकूनही नव्हे. व्हरांड्याच्या तुळईला ती पितळी घंटा टांगलेली होती, लोलकाला पांढरी दोरी होती आणि आसपास कोणी नव्हतं. एवढी जाड घंटा वाजते तरी कशी, इतकंच मला बघायचं होतं.

ती अशी वाजली की माडांवरचे कावळे उडाले.

मग एकेक दार उघडायला लागलं. पेणचे एक मास्तर आणि त्यांची मंडळी, मुंबईचं एक गुजराती जोडपं, दोन म्हातारे भाऊ… सगळे हात धुऊन जेवणघराकडे निघाले. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि जेवणाची घंटा व्हायची साडेबाराला!

पळावं तर कुठे पळावं? तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक तरुण बाहेर आला. पांढरा सदरा, खाकी पँट, डोक्यावर खलाशाची निळी टोपी आणि बोटांना खवलेलं खोबरं लागलेलं. त्याने हलणाऱ्या दोरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि मोठ्याने म्हणाला,

"मंडळी, वारा चांगला मिळाला! आपली आगबोट कोलंबोला दोन तास आधीच लागली. बंदरात उतरण्यापूर्वी सगळ्यांना कोकमाचं सरबत!"

लोक हसत हसत बाकांवर बसले. माझ्याजवळून जाताना तो हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी आधी सांगून वाजवा. कोकमं तरी भिजत घालून ठेवीन."

माझे कान तापले. पण खरं सांगू? त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हसू होतं. आणि हा कोण, हे कळल्याशिवाय मला आता चैन पडणार नव्हतं.

ही १९६३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. दिवेआगरच्या किनाऱ्यावर, सुपारीच्या वाडीला लागून 'आगबोट विश्रांतिगृह' होतं. मालक तुळशीराममामा. तीस वर्षं किनाऱ्यावरच्या आणि लांबच्या बोटींवर काढून ते परतले आणि त्यांनी हे घर थेट बोटीसारखं बांधलं. खोल्यांना 'केबिन' म्हणायचं, खिडक्या गोल, समुद्राकडची गच्ची म्हणजे 'डेक'. जिन्यापाशी एक फळा होता. रोज सकाळी त्यावर लिहिलेलं असायचं, आज आपण कुठल्या बंदरात आहोत. त्या दिवशी जेवणात एक पदार्थ त्या बंदराचा. गिरणीतल्या जॉबरला दिवाळीत चार दिवस झेपावं, असंच तिथलं सगळं होतं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील रावजी, गिरणीत जॉबर होते, खात्यातल्या कामगारांचे मुकादम.

आईला मात्र हे मुळीच पटलं नव्हतं. एस.टी.त माणगाव मागे पडलं तशी ती आबांवर पुन्हा घसरली. "आपलं गाव हितनं दोन कोसावर. घर हाय, भावकी हाय, भात कापनीला आलंय. आन आपन पैसं देऊन परक्याच्या घरात निजायचं? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे," आबा म्हणाले. "तीस वरसं सुट्टी काढून भातच कापलं मी. चार दिस समुद्राकडं बघत बसतो, मग जातो कापनीला."

आणखी एक कारण होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कोणी नव्हतं. पाचव्या दिवशी गावच्या घरी मला बघायला मंडळी येणार होती. मुलगा दादू, आबांच्याच गिरणीतला. जमलं तर तिथेच सुपारी फुटणार होती. त्यांची अट एकच— मुलीने टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सोडायची. लग्नाआधीची ही माझी शेवटची सुट्टी, म्हणून आबांनी हौस केली होती. धाकट्या बहिणीला, कमळला, तेवढं कळत नव्हतं. ती दिवसभर वाळूत खेळायची.

घंटा वाजवली त्या दिवशी संध्याकाळी तो टोपीवाला डेकवर कंदिलांच्या काचा पुसत होता. मी तिथे गेले… सहजच!

"तुमचं नाव?"

"अनंता. मामांचा भाचा. तुमचं?"

"गोदावरी," मी ऐटीत म्हणाले.

"ए गोदूऽऽ!" खालून आईची हाक आली.

त्याने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मी विषय बदलला.

"तुम्ही कोलंबो पाहिलंय?"

"हं…"

"कसं आहे?"

"ओलं."

"आणि एडन?"

"कोरडं."

"आणि रंगून?"

"तिथे उद्या पोचतोय. आधीच कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर रंगून होतं आणि पानात नारळाच्या दुधातल्या तिखट शेवया. आईने नाक मुरडलं आणि दोनदा मागून घेतल्या. त्याच दिवशी तिने वाढणाऱ्या अनंताला गाठलं. "तुझ्या आयचं म्हायेर कुठलं रं?" म्हसळ्याकडचं एक गाव निघालं, मग तिथली कोणी चुलतमावशी निघाली, मग आडनावं जुळली. आईचा चेहरा उजळला. परक्याच्या घरात निजण्याची तिची तक्रार त्या दुपारपासून बंद झाली.

मला प्रश्न विचारायची खोडच आहे. दिवसभर एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसायचं, याची तार त्याला जोडायची आणि मनातल्या मनात विचारायचं— ही कोण, हा कोण, एवढ्या घाईने काय बोलणार असतील? अनंताला मी दोन दिवसांत शंभर प्रश्न विचारले असतील. एडनला पाऊस पडतो का, बोटीवर झोप लागते का, रंगूनच्या बायका केसांत फुलं माळतात का… तो उत्तरं द्यायचा, पण अशी की पुढचा प्रश्न विचारावाच लागावा.

आणि मग दुसऱ्या संध्याकाळी त्याने विचारलं. काचेवरचा हात थांबवून, अगदी साधेपणाने.

"तुम्ही दिवसभर लोकांना जोडून देता. तुम्हाला स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटलं तर?"

घरात, शाळेत, नोकरीवर सगळे मला 'किती विचारतेस गं' म्हणायचे. मला उलट कोणी काही विचारलंच नव्हतं.

"तर… अजून वाटलं नव्हतं," मी म्हणाले आणि खाली पळाले. 'नव्हतं' म्हटलं की 'नाही' म्हटलं, याचा विचार करत राहिले.

तिसऱ्या दिवशी आबांनी कोळ्याची होडी ठरवली. लाटांच्या पलीकडे जाऊन यायचं. कमळ हट्टाला पेटली, "टोपीवाले दादा पण!"

"मला स्वयंपाकघरात काम आहे," अनंता घाईने म्हणाला.

"कप्तानाशिवाय बोट कशी हाकायची?" मी म्हणाले.

तुळशीराममामा दारात उभे होते. ते खो खो हसत सुटले. का, ते मला कळेना. अनंताने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि टोपी नीट करून तो होडीत चढला.

पहिली लाट ओलांडली तेव्हा तो बोलायचा थांबला. दुसऱ्या लाटेला त्याने होडीचा काठ धरला. तिसरीनंतर त्याचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा झाला, आणि मग रंगूनच्या शेवया, कोलंबोचं सरबत, सगळं समुद्राला परत गेलं. टोपीसुद्धा गेली. कमळ टाळ्या पिटत होती. मी माझा रुमाल ओला करून त्याच्या हातात दिला. हसू येत होतं, ते ओठांत दाबलं.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली तो पाय पसरून बसला. आबा, आई, कमळ पुढे गेले. मी मागे राहिले.

"मी कोलंबो पाहिलेलं नाही," तो डोळे मिटूनच म्हणाला. "एडन नाही, रंगून नाही. काहीच नाही."

"मग?"

"अठराव्या वर्षी मामांनी मला मुंबईला बोटीवर चढवलं. खलाशी करायचं होतं. रत्नागिरी गाठायची होती, मी बाणकोटला उतरलो. उतरलो कसला… उतरवलं मला."

"मग घरी कसे आलात?"

"चालत. मधली खाडी तरीच्या होडीतून ओलांडली, तीही डोळे मिटून." तो आता हसत होता. "मला वाटलं, मामा घराबाहेर काढतील. ते म्हणाले, 'तू समुद्रावर जात न्हाईस तर आगबोटच जमिनीवर आणू.' आणि हे घर बांधलं. बंदरं सगळी त्यांची. मी फक्त वाढतो."

मी वाळूत रेघोट्या ओढत राहिले. मग विचारलं, "एवढं ठाऊक होतं, तर आज होडीत का चढलात?"

त्याने पायावरची वाळू झटकली.

"तुम्ही म्हणालात म्हणून."

वारा होता, माडांची सळसळ होती, तरी मला ते तीन शब्द लख्ख ऐकू आले. दिवसाला शेकडो आवाज ऐकणारे माझे कान… असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"परवा मला बघायला येणार आहेत," मी म्हणाले. सांगायलाच हवं होतं.

रुमालाची घडी घालत होता तो, तसाच थांबला. "तुम्हाला काय हवंय?"

"मला कोणी विचारलं नाही."

"मी विचारतोय की."

"नोकरी हवी आहे," मी म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. "आणि… उरलेली बंदरं ऐकायची आहेत. तुम्ही पाहिली नसलीत तरी चालेल."

त्याने मान वर केली. "नोकरी मुंबईला. मी इथे."

"एस.टी. आहे ना? का तीही लागते तुम्हाला?"

"म्हसळ्याच्या घाटात थोडी," तो म्हणाला आणि मग आम्ही दोघंही हसत सुटलो.

चौथ्या दिवशी निघायचं होतं. सकाळी आबा वाळूत एकटेच बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. कधी थांबावं ते सुचत नव्हतं, म्हणून अखेरपर्यंत सांगितलं. ते चिडले नाहीत. ओरडलेही नाहीत. त्यामुळे तर मला जास्तच भीती वाटली. उठले, धोतराची वाळू झटकली आणि सरळ अनंतापुढे जाऊन उभे राहिले.

"पोरा, समुद्रावर तू टिकत न्हाईस, ते म्या बघितलं. जमिनीवर टिकतोस काय?"

"टिकतो."

"भात कापता येतं?"

"नाही," अनंता म्हणाला. मग जरा थांबून, "लहानपणापासून मामांकडे आहे, विळा कधी हातात धरला नाही. शिकेन."

"बघू," आबा म्हणाले आणि ट्रंक उचलली. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. फक्त 'बघू'.

बोर्लीहून एस.टी. निघाली. म्हसळा गेलं, घाट गेला. मी खिडकीला डोकं टेकून एकच विचार करत होते. तो येईल का? आबा त्याला या म्हणाले नव्हते. गावाचं नाव आई बोलता बोलता त्याला सांगून बसली होती, पण त्याच्या लक्षात असेल का?

पाचव्या दिवशी सकाळपासून आम्ही शेतात होतो. दादूकडची मंडळी चार वाजता येणार होती. आई म्हणत होती, उन्हात काळी पडशील, घरी बस. मी ऐकलं नाही. घरी बसले असते तर रस्ता दिसला नसता.

अकराच्या सुमाराला बांधावरून दोन माणसं येताना दिसली. पुढे तुळशीराममामा, हातात सुपाऱ्यांचं गाठोडं. मागे अनंता, बोडक्या डोक्याचा, घाटाने जरासा हिरवा झालेला. मामांनी आबांना रामराम घातला. "रावजी, बोलायला वडील माणूस लागतं, म्हून मी आलोय. पोराचं आईबाप मीच."

"बसा," आबा म्हणाले. अनंताला मात्र ते बस म्हणाले नाहीत. त्यांनी आपला विळा त्याच्यापुढे धरला.

अनंताने सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि तो ओळीत उतरला. किती वाईट कापत होता तो! कधी फार वर, कधी मुळासकट. शेजारची आवडाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. बायका एकमेकींना विचारत होत्या, "कोन गं ह्यो? कुनाचा?" त्याने सगळं ऐकलं, तोही हसला, पण ओळ सोडली नाही. ऊन डोक्यावर आलं. सदरा पाठीला चिकटला. तासाभराने आबा उठले, त्याच्यामागे गेले, वाकून त्याची मूठ विळ्यावर नीट बसवली. "मनगाट वळव. जोर नको लावूस." पुढची पेंढी जरा बरी आली. त्यापुढची आणखी बरी.

आबांनी माझ्या चुलत्याला हाक मारली. "दादूच्या बापाकडं जाऊन ये. सांग, पोरीला नोकरी सोडायची न्हाय. त्यांनी उगा उन्हातान्हात येऊ नये."

मी हातातली पेंढी तशीच धरून उभी राहिले. आबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उभी काय ऱ्हायलीस? बांधायला घे."

त्याच वेळी अनंताचा विळा सटकला. डाव्या हाताच्या बोटातून रक्त आलं. फार नाही, पण त्याचा चेहरा पुन्हा होडीतल्यासारखा झाला.

"गोदू, डब्यातली हळद आन गं," आई म्हणाली. "लाव त्याला."

मी बांधावर त्याच्यासमोर बसले. त्याचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. चिमूटभर हळद त्याच्या बोटावर दाबली. तो कळ सोसत होता आणि माझ्याकडे बघत होता. मी मान वर करत नव्हते.

"अगं बया!" आवडाबाई अख्ख्या शेताला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजून सुपारी न्हाय फुटली आन नवऱ्याला हळद लागली की गं!"

बायका हसल्या, मामा हसले, आईने तोंडावर हात ठेवला. मी हात सोडवून घ्यायला गेले… पण त्याने पिवळ्या झालेल्या बोटांनी माझा हात तसाच धरून ठेवला. आबांनी पडलेला विळा उचलला आणि आमच्याकडे पाठ करून ते भात कापायला लागले. त्यांचे खांदे मात्र हसण्याने हलत होते.