पंचवीस तासांचा दिवस

मी फ्रीज दुरुस्त करतो. तीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे गार-गरमातला अंशाभराचा फरक माझ्या तळहाताला कळतो. बायको संशोधक होती. माणसाच्या शरीरातलं घड्याळ हा तिचा विषय. ती मला कोंबडा म्हणायची, मी तिला घुबड. नऊ वाजले की माझे डोळे मिटायचे, आणि तिचं डोकं तेव्हा कुठे चालू लागायचं. सव्वीस वर्षांच्या संसारात आम्ही एकदाही एका वेळी आडवे झालो नाही. ती गेली तेव्हाही मी शेजारच्या खोलीत घोरत होतो.

तिच्या प्रयोगशाळेच्या तळघरात एक खोली आहे. खिडकी नाही, घड्याळ नाही. दोन पलंग, प्रत्येकाच्या उशाशी दिवा आणि त्याचं बटण. झोपताना बटण दाबलं की दिवा जातो आणि वरच्या यंत्रात वेळेची नोंद होते. बाहेरच्या उजेडाचा पत्ता नसला की शरीर आपल्या मनाने दिवस धरतं. तिथे राहून तिने स्वतःचा दिवस मोजला होता. पंचवीस तासांचा निघाला. रोज एक तास उशिरा झोप. "एकदा ये, तुझाही मोजू," म्हणायची. मला सवड नव्हती.

ती गेल्यावर चार महिन्यांनी मी त्या खोलीत राहायला गेलो. आता तिची विद्यार्थिनी ते काम बघते. एका जागी ठरत नाही म्हणून बायकोने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं.

"दहा दिवस, काका. जेवण मी वाटेल तेव्हा आणणार. किती वाजले ते विचारायचं नाही."

"माझं पोटच घड्याळ आहे, भिंगरे."

"तेच तर मोजायचंय."

सुरुवातीला जेवलो, पत्ते लावले, झोपलो. मग एकदा ताट ठेवताना ती घुटमळली.

"काका, दुसऱ्या पलंगाचं बटण कशाला दाबता?"

"मी? हातसुद्धा लावला नाही. वायर तपास."

"तपासली. बदललीसुद्धा."

मला एकदम काहीतरी सुचलं. "रोज एक तास उशिरा दाबलं जातंय का?"

तिने ताटावरचं झाकण उगीच सरळ केलं आणि निघून गेली.

त्या दिवशी झोपण्याआधी मी दुसऱ्या पलंगावर तळहात ठेवला. चादर गार होती. पुढच्या खेपेला उशीजवळ जरा कमी गार. त्यापुढे मधोमध एक लांबट पट्टा कोमट लागला. कोणी नुकतं उठून गेल्यावर राहते तेवढी ऊब. मी तिथे बसलो नाही. चादरीची सुरकुतीही मोडली नाही.

दहाव्या दिवशी भिंगरीने दार उघडलं. "झाले दिवस. चला घरी."

"ते बटण माझ्या झोपेच्या किती आधी दाबलं जातंय?"

"काका..."

"किती?"

"चार तास. पहिल्या दिवशी तेरा होते."

"मग अजून चार दिवस राहू दे."

"नियमात बसत नाही ते."

"एकदा तिच्याबरोबर झोपायला जायचंय, भिंगरे. एकदाच."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दार हळूच ओढून घेतलं.

पुढच्या तीन खेपा मी झोपायला गेलो तेव्हा चादर चांगली उबदार होती. चौथ्यांदा हात ठेवला तर गार. म्हणजे ती अजून आडवी झाली नव्हती.

मी माझ्या पलंगावर पडलो. "चल गं," म्हटलं.

समोरचा पलंग करकरला.

मी बटणाकडे हात नेला.

खट्ट झालं आणि माझा दिवा गेला.

माझं बोट अजून बटणाला लागलं नव्हतं.

इतकी शांत झोप मला आयुष्यात लागली नव्हती. जाग आली तेव्हा खोलीत मी एकटा होतो. भिंगरीने नोंद दाखवली. दोन्ही बटणांची वेळ एकच होती, सेकंदासकट.

घरी आलो. त्या दिवशी नऊला झोप आली नाही, दहाला आली. दुसऱ्या दिवशी अकराला, मग बाराला. रोज एक तास पुढे. गिऱ्हाईकं वैतागली.

सतराव्या दिवशी भिंगरीचा फोन आला.

"काका, खोलीला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. तरी बटण दाबलं जातंय. रोज नऊला, बरोबर चोवीस तासांनी. तुमच्या पलंगाचं."

"आणि तिच्या पलंगाचं?"

"ते तुम्ही बाहेर आल्यापासून बंद आहे."

मी फोन ठेवला. दुपारचे दोन वाजत आले होते, माझी झोपायची वेळ. उन्हाचा पट्टा उशीवर पडला होता. मला जांभई आली. जांभईच्या शेवटी एक बारीक, बायकी आवाज निघाला. बायकोचा निघायचा तसा.