जप्तीवाल्यांचा आवाज

ऐका तर, चाकणच्या बाजाराला तंबूतला सिनेमा आला होता तेव्हाची गोष्ट. बोलपटाची पेटी बिघडली, म्हणून मालक कोंडाजी आठवडाभर एक जुना मुका सिनेमा दाखवत होते. दोन धांदरट वसुलीवाले, एक जाड्या, एक काडीपैलवान. जप्तीला जायचे आणि स्वतःच आपटायचे. पडद्याशेजारी भोंगा घेऊन मुरारी त्यांच्या तोंडचं बोलायचा. लोक यायचे ते त्यासाठीच.

त्या संध्याकाळी खेळ सुरू होणार, तेवढ्यात मुरारी बाहेर आला आणि शेंगावाल्या सगुणाच्या टोपलीवरच धडपडला.

"पाणी..." तेही घोगरं.

"घसा बसला?" तिनं तांब्या पुढं केला. इतक्या जवळून ती त्याला पहिल्यांदाच बघत होती.

"आज खेळ पडला तर कोंडाजी हाकलणार मला. मघाशीच म्हणाले, गाठोडं बांध."

आत शिट्ट्या सुरू झाल्या. "बोलणारा कुठं गेला रं?"

सगुणानं तंबूकडं बघितलं. हा गेला तर...

"मी बोलते. समदं पाठ हाय मला."

"कसं काय?"

तिनं टोपली बाजूला सारली. पदर खोचला, आत जाऊन भोंगा उचलला.

पडद्यावर जाड्यानं दार ठोकलं. "उघड की बाबा, रिकाम्या हातानं गेलो तर बायकू जेवाय घालायची न्हाई." तंबू हसला. कोंडाजी मात्र हाताची घडी घालून उभे.

"अन् गडी शिरले डावीकडच्या घरात—"

पण पडद्यावर गडी शिरले उजवीकडच्या घरात.

"ए बाई, डावं-उजवं कळतं का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

भोंगा खाली झुकला. तिच्यामागोमाग आत आलेला मुरारी तिच्याकडं बघतच राहिला. ते घर डावीकडं दिसतं, पण फक्त पडद्यामागून.

"रोज मागं उभी असायचीस?" तो पुटपुटला. "बायकांचं तिकीट तर एकाच आण्याचं होतं."

"तिकिटापायी न्हाई." तिची नजर पडद्यावरच. "पुढं तुमचा आवाज भोंग्यातनं येतो. मागं... तोंडचा येतो."

मुरारीनं भोंग्याला खालून हात दिला. तिच्या बोटांना त्याची बोटं लागली, तशी ती सावरली आणि काडीपैलवानाच्या तोंडचं बोलली.

"अरं जाड्या, तुला डावीकडं सांगितलं, तू गेलास उजवीकडं. तू काय वसुली करणार, कप्पाळ?"

तंबू असा हसला की कोंडाजींची घडीसुद्धा सुटली.

"तुझ्या घरी..." मुरारीनं घसा खाकरला, "विचारायचं कुणाला?"

"आबांना. पण आवाज सुटल्यावर या," भोंगा बाजूला धरून सगुणा हळूच म्हणाली. "मुक्या जावयाला आबा पोरगी द्यायचे न्हाईत."