मागांच्या खडखडाटातली हाक

"आवं सायेब, माज्या लेकाला, अर्जुनाला फासावर देत्यात! काल बाचाबाची झाली म्हणून काय त्यो खून करील व्हय?"

उंब्रजहून आलेली अंबूबाई विश्रामबागेत जोतीराम गुप्तहेरांच्या ओट्यावर रडत होती.

माधवनगरच्या गिरणीत नाथाजी जॉबरचा, म्हणजे विणकरांवरच्या मुकादमाचा, भरदिवसा खून झाला होता. मागावरचा पोलादी टोकाचा धोटा त्याच्या कानशिलात खुपसला होता.

जोतीरामांनी आधी प्रेत पाहिले. कवटी फुटून भेजा बाहेर आला होता. ओठांना खरचटलेही नव्हते, पण दात रक्ताने माखले होते.

कोठडीत अर्जुना म्हणाला, "भांडलो, खरं हाय. कंट्रोलचं, सरकारी वाटपाचं सूत कोण पळवतंय ते हुडकायला त्यो माज्यावर डोळा ठिवून हुता. पर मी माज्या मागावर पाठमोरा हुतो. कायबी कळलं न्हाई."

मग जोतीराम आणि त्यांचा सोबती आकाराम गिरणीच्या मागखात्यात गेले. खडखडाट अंगावर कोसळला. आकाराम, पूर्वीचा मोटार ड्रायव्हर, काहीतरी ओरडला. दिसले ते फक्त त्याचे ओठ. पलीकडे एका विणकराने तळहात उंचावला आणि शेजाऱ्याने लगेच माग थांबवला.

बाहेर येताच आकाराम चिडला. "मागाचा पट्टा डोक्याला लागंल म्हणून बोंबललो, तर ढिम्म हलला न्हाई तुमी!"

साक्षीदार एकच होता, सुताच्या कोठाराचा कारकून लालासाहेब. भर वैशाखात त्याने कानांवर घट्ट फेटा बांधला होता.

"मी मागखात्याच्या दारात होतो. नाथाजी 'स्टॉप! स्टॉप!' ओरडला, तरी अर्जुनानं धोटा खुपसला."

"माग चालू होते?"

"चालूच की."

"मागखात्यात नेहमी जाता?"

"छे! माझं काम कोठारात."

जोतीरामांनी फौजदारांना तिथेच, लालासाहेबासमोर, बोलावून घेतले.

"आकाराम, मोटार थांबवायला उतारू काय म्हणतो?"

"स्टॉप."

"पहाऱ्यावरचा शिपाई?"

"हॉल्ट! आमच्या गावचे फौजेतले पेन्शनर बैलालाबी तेच म्हणत्यात."

"आणि विणकर?"

आकारामने मुकाट्याने तळहात वर केला.

"बरोबर. मागखात्यात हात बोलतो, तोंड नाही. नाथाजी विणकराला ओरडून थांबवणार नाही. समोरच्याला हाताची भाषा येत नव्हती, म्हणून तो ओरडला. दारात तर ती हाक पोचणारच नव्हती. लालासाहेब, तुम्ही ती ऐकलीत, कारण तुमचा कान त्याच्या तोंडाशी होता."

"खोटं आहे!"

"त्याला छातीशी दाबून तुम्ही धोटा खुपसलात. तेव्हा त्याने काय केले, ते त्याचे दात सांगतात. फेटा सोडा."

लालासाहेबाने टेबलावरची कात्री उचलून झेप घेतली. आकारामने त्याचा हात पिरगाळला. कडकन् हाड मोडले. फेटा सुटला. अर्धा कान चावून तुटलेला होता, उरलेला काळानिळा पडला होता.

"मागांच्या आडून सूत नेताना पकडलं त्यानं," लालासाहेब कण्हला. "पोलिसात देतो म्हणाला."

कोठडीचे कुलूप उघडले. अंबूबाईने आधी लेकाच्या एक थोबाडीत दिली. "भांडू नगं म्हणून कवाधरनं सांगत हुते रं!"

आणि मग त्याला असे घट्ट धरले, की फौजदारांनाही सोडवेना.