त्यांनाही आत घे

हे माझ्या सख्ख्या भावासोबत घडलंय. अजूनही घडतंय.

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. एवढंच सांगते, यातलं काहीही अंधारात झालेलं नाही. सगळं लख्ख उजेडात, चार माणसांत झालं.

शहराबाहेर आता जिथे काचेच्या उंच इमारती आहेत, तिथे आधी एक लहानसं गाव होतं. गाव उठवलं. माणसांना लांब कुठल्याशा वसाहतीत नेऊन टाकलं. मग रुंद रस्ते आले, कारंजी आली, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं आली.

दादा तिथल्या सगळ्यात उंच इमारतीचा मॅनेजर. त्याला त्या इमारतीचं भारी कौतुक. तळमजल्याच्या फरशीत बघून भांग पाडता येतो, म्हणायचा. आई म्हणायची, मग घरातला आरसा काढून टाक.

त्या तळमजल्यावर एक म्हातारी यायची. रोज सकाळी.

दोन बस बदलून यायची आणि लिफ्टजवळ एका ठरावीक जागी बसायची. माझं घर इथेच होतं, एवढंच सांगायची. भीक नाही, आरडाओरडा नाही. डबा उघडून जेवायची आणि तिथेच जरा आडवी व्हायची. सिक्युरिटीवाले तिला बाहेर काढायचे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर.

एक दिवस दादाला कळलं की दारावरचा एक सिक्युरिटीवाला तिचाच मुलगा आहे. नोकरी जाईल म्हणून तो बिचारा गप्प होता.

त्याच आठवड्यात बाहेरून मोठे पाहुणे इमारत बघायला येणार होते. वरून दादावर दबाव होता. त्याने त्या मुलाला बोलावलं आणि म्हातारीसमोर उभं केलं.

"ही तुझी आई असेल तर आत्ताच हिला घेऊन जा, परत कामावर येऊ नकोस," दादा म्हणाला. "नसेल तर तसं हिच्या तोंडावर सांग."

तो खाली फरशीकडे बघत राहिला.

मग म्हणाला, "मी यांना ओळखत नाही."

म्हातारी रडली नाही. मुलाकडे तिने पाहिलंही नाही. दादाकडे मात्र बराच वेळ बघत राहिली. मग डबा बंद केला आणि निघून गेली.

फार लांब गेली नाही. बाहेर कारंज्याजवळच्या बाकावर बसली. डोक्यावर ऊन. शेजारच्या बाकांवर लोक जेवले, फोनवर बोलले, उठून गेले. म्हातारीचा डोळा लागलाय असं सगळ्यांना वाटलं.

माळ्याने हात लावून बघितलं, तेव्हा ती गार पडली होती.

पोलिसांनी विचारलं, बाईंना कुणी ओळखतं का? दादा गप्प राहिला. मुलगाही गप्प राहिला. तिला बेवारस म्हणून नेलं.

हे सगळं दादाने आम्हाला खूप नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा घरी आला. आईने दार उघडलं. दादा आत आला...

आईने दार लावलंच नाही.

ती बाजूला सरकून उभी राहिली. मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशी.

"अरे, त्यांनाही आत घे ना," आई म्हणाली. "बाहेर किती वेळ उभं ठेवणार?"

बाहेर कुणीही नव्हतं.

मी आणि वहिनी हसलो. दादा हसला नाही.

तिकडे इमारतीत सकाळी ठरल्या वेळी काचेचं दार आपोआप सरकायचं... आणि मिटायचं. आत कुणी आलेलं नसायचं. लिफ्टकडे जाणारी माणसं म्हातारीच्या जागेला वळसा घालून जायला लागली. एकाचाही पाय तिथे पडत नव्हता. दादाने विचारलं तर म्हणायची, कसला वळसा?

एका दुपारी आईच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला. आई बोलायची... थांबायची... हुंकार द्यायची... पुन्हा बोलायची.

मी आत गेले. आई एकटीच होती. समोर खुर्ची ओढलेली. मी सहज खुर्चीवर हात ठेवला.

खुर्ची उबदार होती.

"त्यांचा मुलगा म्हणे त्यांना ओळखत नाही," आई म्हणाली. "असं कसं गं होतं?"

तेव्हा मला त्या म्हातारीबद्दल काहीही माहीत नव्हतं.

त्या रविवारी दादा आईसाठी चहा घेऊन गेला.

"ठेवा तिथे," आई म्हणाली.

ठेवा.

आम्हाला वाटलं चेष्टा करतेय. पण ती सावरून बसली आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने बोलली, "आपण कोण? कुणाकडे आलात?"

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आईची स्मरणशक्ती ठणठणीत होती. तिला मी आठवत होते, वहिनी आठवत होती, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीसुद्धा आठवत होत्या. फक्त दादा नाही. लहानपणीचा फोटो दाखवला तर म्हणाली, शेजाऱ्यांचा असेल.

दादा तिच्या पायाशी बसला. तापात तिने त्याला पाठीवर घेऊन दवाखाना कसा गाठला होता, ते सांगितलं. अंगाई म्हणून दाखवली. हमसून हमसून रडला.

आईने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमची आई फार चांगली असणार," म्हणाली.

दादा त्या म्हातारीच्या मुलाकडे गेला. हात जोडले. एकदा तिच्या नावाने काहीतरी कर, माझ्यासाठी माफी माग, म्हणाला. पोरगा दारावर ताठ उभा होता.

"कुणाची माफी, साहेब?" तो म्हणाला. "मी त्यांना ओळखत नाही. तुमच्यासमोरच सांगितलं होतं की."

आई गेली तेव्हा दादा उशाशीच होता. शेवटचं पाणी त्यानेच पाजलं. तिने त्याचे आभार मानले.

वाटलं, आता तरी संपलं.

नंतर एका संध्याकाळी दादाने बेल वाजवली. वहिनीने साखळी न काढता दार किलकिलं केलं. मी तिच्या मागेच होते.

"घरात कुणी पुरुषमाणूस नाही," ती म्हणाली. "तुम्ही नंतर या."

आणि दार लावून घेतलं. कोण माणूस आहे गं हा, रोज येतो, असं तिने मला विचारलं.

आता दादा एका भाड्याच्या खोलीत राहतो. वहिनी त्याचं नावही काढत नाही. तिच्या लेखी तिचं कधी लग्नच झालेलं नाही. मीच तेवढी त्याला रोज फोन करते.

काल त्यानेच फोन केला. मी उचलला. पलीकडून एक थकलेला आवाज आला. माझं लाडाचं नाव घेतलं त्याने.

आणि मी म्हणाले...

"आपण कोण बोलताय?"

क्षणभरच. लगेच भानावर आले. गंमत केली रे, म्हटलं. त्याने फोन ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

सकाळपासून मी त्याला आठवून बघतेय. आवाज आठवतो. उंची आठवते. चालणं आठवतं.

चेहरा...

वहिनीला विचारायला उठले होते. अर्ध्यातूनच परत फिरले.