मुलुंडचे हरवलेले आवाज

“तीनशे बारा आवाज नाहीसे झालेत,” रत्नप्रभा सावंत म्हणाल्या, “आणि कोणी केले तेही मला ठाऊक आहे.”

मुलुंडच्या त्यांच्या संस्थेने जुन्या गिरणी कामगारांच्या आठवणी रेकॉर्ड करून वेबसाइटवर ठेवल्या होत्या. मंगळवारी साइटची नवी आवृत्ती बसवली आणि बुधवारी साइट मुकी झाली. ते काम संस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्या प्रबुद्धने केलं होतं. त्याने आदल्याच आठवड्यात राजीनामा दिला होता.

खासगी तपासनीस नंदा हिवाळे शांतपणे ऐकत होती. तिचा जोडीदार राजाराम परब याने मनातल्या मनात प्रबुद्धला बेड्याही घातल्या.

“त्या कपाटात काय आहे?” नंदाने विचारलं.

“मूळ कॅसेटी. आमच्याकडे अस्सल ते सगळं ‘मूळ’ कप्प्यात. पण बुरशीने खाल्ल्या हो. त्यात माझ्या आईचाही आवाज होता. पोलिसांसाठी अर्ज लिहून ठेवलाय, संध्याकाळी देणार.”

प्रबुद्धला बोलावलं. तो बसला नाही.

“नव्या साइटच्या पुस्तिकेत लिहिलंय, ‘सर्व ऑडिओ फाइली मूळ फोल्डरमध्ये हलवा.’ हलवल्या. एकही पुसली नाही. सकाळी येतो तर माझा पासवर्ड बंद!”

मग चेतना आली. साइट बनवणाऱ्या चारकोपच्या कंपनीत ती पुस्तिका लिहायची.

“थापा मारतोय. मूळ फोल्डर मी स्वतः उघडला. एक फाइल नाही त्यात.”

“सर्व्हरवर जागा किती मोकळी आहे?” नंदाने विचारलं.

“मंगळवारी सकाळी होती तेवढीच. जेमतेम दहा टक्के.”

राजाराम नंदाच्या कानाशी लागला. “दोघांतलो एकजण खोटां बोलता, ताई.”

“दोघंही खरं बोलतायत,” नंदा मोठ्यानेच म्हणाली. “फाइली पुसल्या असत्या तर जागा मोकळी झाली असती. झाली नाही. म्हणजे आवाज सर्व्हरवरच आहेत. चेतना, तुझा मूळ फोल्डर कुठला?”

“रूट. सगळ्यांत वरचा. नवी साइट आवाज तिथूनच उचलते.”

“आणि तुझा, प्रबुद्ध?”

“अस्सल प्रतींचा. ‘ध्वनी’च्या आत ‘मूळ’ नावाचा आहे ना, तो.”

“या संस्थेत मूळ म्हणजे अस्सल. बाईंनी मघाशी कपाट दाखवताना तेच सांगितलं. झाडाचं मूळ इथे कुणाच्या डोक्यात यायचं?”

चेतनाने घाईघाईने तो फोल्डर उघडला. पडद्यावर नावांमागून नावं उतरत गेली. तीनशे बारा.

“मराठीत लिहायचं म्हणून मीच रूटचं मूळ केलं,” ती पुटपुटली. “आता काय लिहू?”

“‘सर्वांत वरचा फोल्डर’ लिही. आणि जिथे फाइल ठेवायची तिथला अख्खा पत्ता दे, वरपासून खालपर्यंत.”

रत्नप्रभांनी अर्ज फाडला. “प्रबुद्ध, राजीनामा मागे घे रे.”

“नाही, मॅडम. चेतनाने निदान फोल्डर उघडून पाहिला. तुम्ही मला काही विचारलंसुद्धा नाहीत.”

मग त्याने खुर्ची ओढली. सगळे आवाज जागेवर बसेपर्यंत तो उठला नाही. त्यानंतर मात्र थांबलाही नाही.